नांदेडच्या मशीनची राखीव मेमरी

लातूरच्या एका क्लासच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या थंडगार खोलीत मी काही वर्षं सर्व्हर सांभाळले. येणाजाणाऱ्यांना वाटायचं, मॅडम एसीत बसून पगार घेतात. एसी होता हे खरं, पण तो माझ्यासाठी नव्हता.

आमच्याकडे खरे सर्व्हर दोन-तीनच, आणि त्यांच्या पोटात चालणाऱ्या व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, मशीन भरपूर. हजेरीची एक, व्हिडिओची एक, निकालाची एक, प्रत्येक विषयाच्या विभागाची एकेक, नांदेड शाखेच्या ऑनलाइन परीक्षांची एक. प्रत्येकीला सांगून ठेवलेलं, एवढी मेमरी तुझी. दिलेल्या वचनांची बेरीज केली तर खरी मेमरी तिच्या जेमतेम निम्मी. यात फसवणूक काही नाही, सगळीकडे असंच चालतं. मेस चालवणारी बाई नाही का, ताटांपेक्षा जास्त मेंबर घेते? सगळे एकाच वेळी जेवायला येत नाहीत, या भरवशावर.

पण लातुरात येतात. ही युक्ती ज्यांनी काढली त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नसावं. इथं क्लास एकाच वेळी सुटतात, मेसपुढे एकाच वेळी रांगा लागतात, आणि रविवारी सकाळी दहाला अख्खं गाव पेपर सोडवायला बसतं. शाखांच्या वेळा तरी वेगळ्या ठेवा, असं मी संचालक सरांना सांगून पाहिलं होतं. ते हसले. "मॅडम, दहाचा पेपर अकराला घेतला तर पालक म्हणतील, क्लास ढिला पडला. चालून राहिलं ना? चालू द्या."

एका रविवारी ते चाललं नाही. त्या दिवशी मोफत प्रवेशाची परीक्षा होती. निवड होईल त्यांचं शिकणं, राहणं, जेवण सगळं क्लासकडे. नांदेडच्या केंद्रावर किनवटच्या निवासी शाळेतल्या मुली आल्या होत्या. दहाला सगळ्या मशीन एकदम आपापली मेमरी मागायला लागल्या. सर्व्हरकडे ती नव्हतीच. मग तो एकीचा पसारा डिस्कवर ढकलून दुसरीला जागा करत राहिला, आणि डिस्क म्हणजे मेमरीपुढे बैलगाडी. नांदेडच्या पडद्यांवर प्रश्न जागच्या जागी गोठले. किनवटची परतीची गाडी मुलींसाठी थांबणार नव्हती. अर्धे पेपर तसेच टाकून त्या उठल्या. त्यांना घेऊन आलेल्या वसतिगृहाच्या बाईंनी मला फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, आता ह्या पोरींचं काय?"

सरांनी पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा लावली. नवी मेमरी मात्र दिवाळीनंतर बघू म्हणाले. मी बाईंना शब्द देऊन बसले की या वेळी एकाही मुलीचा पेपर अडकणार नाही. मग हिशेब मांडला. म्हणजे सर्व्हर जे करतो तेच मीही केलं होतं, आधी वचन आणि मग जमवाजमव.

मेमरी विकत मिळणार नव्हती, तेव्हा होती त्यातूनच काढायची होती. मी प्रत्येक मशीनवर नजर ठेवली. हजेरीच्या मशीनला डोंगराएवढी दिलेली आणि ती वापरायची मूठभर. विभागाविभागांत फिरले, पण कुणी सोडायला तयार होईना. फिजिक्सचे सर मुरुडकडचे, एरवी देवमाणूस. तेसुद्धा म्हणाले, "राहू द्या ना जादा. वेळेला कुठून आणायची? काय भरवसा हाय?"

हा सूर माझ्या ओळखीचा होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, तेव्हा टँकर आला की लोक घागरी, पातेली, अगदी तांबेसुद्धा भरून ठेवत. घरात माणसं दोन आणि पाणी दहा जणांचं. शेवटच्या ओळीपर्यंत टँकर जाईतो तो रिकामा. लोभ नव्हता तो, धसका होता. एके दिवशी माझ्या आईने टँकरची नळीच धरली. ज्या घरात अंगावर पिणारं लेकरू आहे ती घरं आधी, बाकीची मागून, म्हणाली. लोकांनी तिला नको नको ते ऐकवलं, पण तिने नळी सोडली नाही.

म्हणून फिजिक्सच्या सरांशी मी वाद घातला नाही. म्हटलं, "सर, तुमची मेमरी कुठं पळून जात नाही. रविवारी सकाळपुरती घेते, दुपारी परत." ते हो म्हणाले, मग बाकीचेही एकेक करून वळले. प्रत्येक मशीनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला आम्ही फुगा म्हणतो. तो आतल्या आत फुगतो, पडून असलेली जागा अडवतो आणि तेवढी मेमरी सर्व्हरला परत मिळते. शनिवारभर मी फुगे फुगवत बसले. जे निघालं ते नांदेडच्या मशीनच्या नावावर राखीव करून टाकलं. कितीही ओढाताण झाली तरी त्याला कुणी हात लावू शकणार नव्हतं.

रविवारी फेरपरीक्षा सुरू झाली, आणि थोड्याच वेळात संचालक सर धापा टाकत जिन्याखाली हजर. लातूरच्या खास बॅचचा सराव पेपर त्यांनी ऐनवेळी, मला न विचारता, त्याच वेळेला लावला होता. ती बॅच म्हणजे सरांचा जीव की प्राण. चौकातल्या फलकांवर त्याच पोरांचे फोटो लागायचे. आता पडदे त्यांचे गोठले होते.

"नांदेडचं काढा अन् हिकडं द्या."

"नाही सर. ती राखीव आहे."

"अहो, तो फुकटचा पेपर हाय! ही माझी रिझल्टची पोरं हायत."

"सराव उद्याही होईल. त्या मुलींना गाडी गाठायची आहे."

"मॅडम, इथं हुकूम कुणाचा चालतो?"

"तुमचाच. पण राखीव काढायचं तर तुम्ही काढा. मी काढणार नाही."

सरांना ते काढता येत नव्हतं. मला हे पक्कं ठाऊक होतं आणि मी मुद्दामच तसं बोलले. सर तणतणत वर गेले. खास बॅचला पेपरच्या झेरॉक्स वाटल्या गेल्या. पोरांनी पेनाने गोल काळे करत पेपर सोडवला, आणि कुणाचं काही अडलं नाही.

दुपारी बाईंचा फोन आला. सगळे पेपर जमा झाले होते, गाडीला अजून वेळ होता, म्हणून मुली डबे उघडून बसल्या होत्या. मागे त्यांचा गलका चालला होता. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. सहज विचारलं, "गेल्या वेळच्या सगळ्या आल्यात ना?"

"एक न्हाई आली," बाई म्हणाल्या. "लई हुशार होती. तिचा बाप म्हणला, एकदा जाऊन आली की. पुन्हा खामखा कशाला?"

मी तिच्या वडिलांचा नंबर मागून घेतला.

सोमवारी सरांनी बोलावलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, अजून एक पेपर घ्यायचा आहे. माझ्या नोकरीचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.

"एका पोरीसाठी?"

"हो, एका पोरीसाठी."

सरांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं. "घ्या," म्हणाले, आणि मग मला जे काही सुनावायचं होतं ते मनसोक्त सुनावलं. मी निमूट ऐकून घेतलं आणि खाली येऊन फोन लावला.

तिच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बाई," ते म्हणाले, "पुन्हा बंद पडलं तर?"

आमच्या धंद्यात या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत. किती लोक एकदम येतात त्यावर आहे, असं म्हणायचं असतं.

"पडणार नाही," मी म्हणाले.



"मंग किती वाजता आणू तिला?"