जाब मागणारा आवाज

भारती गेल्याचं मला आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. दुपारपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्यांनी तिला गाऊ दिलं नाही त्यांचेही हात त्यात होते... आणि माझेही.

तिचे वडील पेणजवळ खाडीकाठच्या मिठागरावर कामाला. भाऊ बोटीवर होता, त्यानं अमेरिकेतल्या काळ्या गायिकांच्या रिदम अँड ब्लूजच्या कॅसेट आणल्या होत्या. भारतीला इंग्रजी येत नव्हतं, तरी नुसतं ऐकून तिनं शब्दन् शब्द उचलला. मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. एकदा विचारलं, "अर्थ कळतो का तुला?" ती म्हणाली, "शब्द नाय कळत, दादा. पन ती बाय रडत नाय, जाब मागते. एवढं कळतं." पुढे त्याच ठेक्यावर तिनं आपल्या आगरी बोलीत गाणी रचली. आवाज जाडा, खरखरीत, पोटातून येणारा.

रोह्याला एका कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात तिनं त्यातलं एक गायलं, खाऱ्या पाण्यानं फुटलेल्या आईच्या टाचांवरचं. टाळी पडली नाही. दाराशी उभी असलेली कॅन्टीनमधली बाई डोळे पुसत होती, पण पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. विंगेत आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक तिला म्हणाले, "मिठागरावरचं रडगाणं घरी. इथं सिनेमाचीच गाणी गायची, नायतर येऊ नको." तिनं माझ्याकडे पाहिलं. चाल आम्ही दोघांनी बसवली होती. मी मान खाली घालून गिटारची तार जुळवत राहिलो... तार जुळलेलीच होती.

ती पुन्हा आली नाही. लग्न होऊन रोह्याजवळच्या खांब गावी गेली आणि शाळेत खिचडी शिजवायला लागली. गेल्या उन्हाळ्यात, आजारी आहे असं ऐकून, मी भेटायला गेलो. "गातेस का अजून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कोनासाठी?" ती म्हणाली. "तवा तू बोलला असतास ना, दादा, तरी त्यांनी मला काढलंच असतं. पन मी गात राहिली असती."

मी चहा संपवून उठलो.

पेणला शोकसभा झाली. मालकांनी तिला 'आपल्या मातीचा आवाज' म्हटलं. श्रद्धांजली म्हणून एक सिनेमातलं गाणं ठरलं होतं, तिनं कधीच न गायलेलं. माझ्या हातात गिटार दिली. टाचांवरचं ते गाणं मला अथपासून इतिपर्यंत येतं, आणि ते येणारा आता मी एकटाच उरलोय.

मी ठरलेलं वाजवलं. लोक म्हणाले, छान वाजवलंत.