निवड सरांची, निस्तरणं माझं

नको ती पॅकेजेस डिस्कवर कशी साचतात, ते मला पाठ आहे. मुद्दाम कोणी घालत नाही. एकाबरोबर दुसरं येतं, दुसऱ्याबरोबर तिसरं, आणि एक दिवस बघावं तर जागाच संपलेली! किस्स्यांचंही तेच. एक सांगायला जावं, तर त्याला चिकटून चार येतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वर्तकनगरला आमचं कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. आमचं म्हणजे केळकर सरांचं. सर कारखान्यातून रिटायर झालेले, मी बी.एस्सी. होऊन नुकती लागलेली. मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून सर गिऱ्हाइकांच्या मशीनवर सिस्टीम घालायचे. स्क्रीनवर शेकडो पॅकेजेसची, म्हणजे लहानमोठ्या प्रोग्रॅम्सची यादी यायची, हवं त्यावर खूण करायची. खुणा सर करायचे. चुकलेल्या खुणा शोधून काढायला मी! ती यादी एकदा तरी माझ्या एकटीच्या हातात यावी, एवढीच माझी मागणी होती.

"अगं रेश्मा, घाई काय आहे? शीक अजून," सर म्हणायचे.

किती शिकायचं? चुका तर त्यांच्या होत्या!

*

सरांचा नियम साधा होता. "फुकट आहे ना? मग सोडायचं कशाला?"

एका वकिलांच्या मशीनवर त्यांनी यादीतलं दिसेल ते घातलं. परदेशी भाषांचे कीबोर्ड, हौशी रेडिओवाल्यांचे प्रोग्रॅम, सगळं. दोन दिवसांनी वकिलांचा फोन. नोटीस टाइप होते, पण सेव्ह होत नाही.

मी गेले, बघितलं. "साहेब, यात सगळं आहे. फक्त तुमची नोटीस ठेवायला जागा नाही."

वकील शांतपणे म्हणाले, "म्हणजे आमच्या हॉलसारखंच झालं की!"

*

डोंबिवलीचे एक रिटायर्ड मास्तर पत्रिका करायचे. सरांनी त्यांना आकाशाचा नकाशा दाखवणारं पॅकेज घालून दिलं. दुर्बीणवाल्यांचं ते. त्याच्यामुळे मशीन इतकं हळू चालायला लागलं, की मी जाऊन ते काढून टाकलं.

मास्तर भडकले. "कोणाला विचारून काढलंस?"

"काका, त्यात राशी नाहीत. नुसते तारे आहेत."

"तारे आहेत ना? मग राशी येतील मागाहून. घाल परत!"

घातलं परत.

*

शीळफाट्याला एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठचं ऑफिस होतं. तिथे चुकून बुद्धिबळ गेलं. ड्रायव्हर, क्लीनर, सगळे स्क्रीनभोवती, आणि बिलं पडून! शेठनीच मला बोलावलं. मी काढायला बसले, तर तेच आडवे आले.

"ए, थांब! दसऱ्याच्या मुहूर्तावर घातलेलं आहे. काढायचं नाही."

"मग काढू कधी?"

"पुढच्या दसऱ्याला बघू."

मी ते मेनूमधून दिसेनासं केलं. शेठनी संशयाने विचारलं, "काढलं नाहीस ना?"

"नाही शेठ. झाकलंय."

"झाकलं तर चालेल. ग्रहणात देवसुद्धा झाकतात."

*

त्या यादीत एक सोय होती. कॅपिटल आर दाबला, की यादी उघडण्याआधी जसं होतं तसं सगळं परत. मी सरांना दहा वेळा सांगितलं.

"मागे फिरायचं बटण शोधतो तो कसला इंजिनिअर?" सर म्हणाले.

एकदा मी चहा घेऊन आत गेले, तर सरांनी एका खुणेपायी चाळीस खुणांचा गुंता करून ठेवलेला. मला बघितलं नव्हतं त्यांनी. त्यांनी हळूच कॅपिटल आर दाबला.

मी कप ठेवला. सर दचकले.

"बटण चालतं का ते बघत होतो," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "कल्याणच्या पतपेढीचं मशीन उद्या तू कर. एकटी जा. पण तिथून एक जरी फोन आला, तरी मी रिक्षात बसलोच म्हणून समज."

*

पतपेढीत अख्खं संचालक मंडळ माझ्याभोवती खुर्च्या टाकून बसलेलं. मला वाटलं, कौतुकाने बसलेत. कसलं काय! यादीतल्या प्रत्येक नावावर ठराव. सूचक, अनुमोदक, मंजूर, आणि मग मी खूण करायची.

छपाईची पॅकेजेस दोन होती. चेअरमन प्रधान साहेबांच्या गटाला एक हवं, सेक्रेटरींच्या गटाला दुसरं. कोणी दुखावायला नको म्हणून दोन्ही मंजूर. मी सांगत होते, ही दोन एकत्र नांदत नाहीत. ऐकतो कोण! खूण केली, स्क्रीनवर नकार आला.

"हा आक्षेप कोणाचा?" प्रधान साहेबांनी चष्मा सावरला.

"मशीनचा."

"मशीन सभासद आहे का?"

"नाही."

"मग आक्षेप ग्राह्य नाही. पुढचा विषय घ्या."

"अहो, यातलं एक काढल्याशिवाय मशीन पुढे सरकणारच नाही!"

"तुम्ही सभासद आहात का?"

"नाही!"

"ठराव फिरवायचा तर सभासदाची सूचना लागते," असं म्हणत त्यांनी फोन ओढला आणि सरांचा नंबर फिरवला.

संपलं, म्हटलं. आता सर येणार, खुर्चीत बसणार, आणि पुढची चार वर्षं मी चहा आणणार.

प्रधान साहेब बराच वेळ नुसते "हं, हं" करत होते. मग फोन ठेवून ताठ बसले.

"केळकर आमचे जुने सभासद. ते येत नाहीयेत. त्यांची सूचना अशी, की यादीत काय ठेवायचं न् काय काढायचं ते या बाई ठरवतील. कोणी विचारू नये. अनुमोदक?"

कोपऱ्यातून भोईर काकूंनी हात वर केला. मंडळातल्या त्या एकट्या बाई. "मी हाय. बस पोरी, कर तुझं काम."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "विरोध?"

अख्ख्या मंडळाने माना वळवल्या आणि मशीनकडे बघितलं.