कूलरपुढचा कॉम्प्युटर

माझं लग्न झालं आणि दीड महिन्यात बाबा गेले. त्यांचे फोटो होते, पण हलते-बोलते बाबा फक्त सिंदी मेघे गावातल्या, आमच्या लग्नाचं शूटिंग केलेल्या व्हिडिओवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते. मूळ कॅसेटवर त्याने केव्हाच दुसऱ्याचं लग्न काढलं होतं. सीझनमध्ये सगळेच तसं करत. हे कळलं आणि भर मे महिन्यात मी त्याच्या दुकानात ठाण मांडलं. सीडी हातात पडेपर्यंत उठणार नव्हते.

कॉम्प्युटर नवा, दोन कोरचा, म्हणजे एकाच प्रोसेसरमध्ये काम करणारे दोघं. "जुना तीन गीगाहर्ट्झचा होता, हा दोनचाच हाय," तो म्हणाला. म्हणजे फसला की हा! माझं तोंड पाहून तो हसला.

"ताई, दोन बाया चुलीपाशी बसल्या तर एक पोळी लवकर भाजत नाई. पन सैपाक लवकर उरकते. एकटीलेच पळवलं का ते तापते ना!"

प्रोसेसरमध्ये घड्याळासारखे ठोके पडतात, गीगाहर्ट्झ म्हणजे त्यांचा वेग, दर ठोक्याला थोडं काम होतं, ठोके वाढवले की उष्णता वाढते, असं त्याने समजावलं. तेवढं मला कळलं. पण सीडीसाठी व्हिडिओ किती तयार झाला ते दाखवणारे पडद्यावरचे टक्के रेंगाळू लागले तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली.

"आता काय झालं?"

"तापला. मंग स्वतःच ठोके कमी करून राह्यला, जीव वाचवाले."

आमच्याकडे मे महिन्यात तापलेल्या कशालाही एकच इलाज. त्याने कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि कूलर ओढून थेट त्याच्यापुढे लावला. वाळ्याचा ओला वारा आला, मलाही बरं वाटलं. मग आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीच्या कडेला पाण्याचा थेंब चमकला.

मी किंचाळलेच. "पंप बंद करा पह्यले! माझा बाप हाय त्याच्यात!"

त्याने पंप बंद केला, रुमालाच्या टोकाने थेंब टिपला. नुसता कोरडा पंखा सुरू ठेवला.

"असा लई हळू चालन, ताई."

"चालू द्या हळू."

मी पडद्याकडे बघायलाही भीत होते, आणि नजर हटवायलाही. संध्याकाळी सीडी निघाली. तपासायला त्याने ती लावली. मांडवात फेटा बांधलेले बाबा कॅमेऱ्यापुढे हात आडवा धरून लाजत म्हणाले, "बस झालं ना बाप्पा! बंद कर आता, किती काढून राह्यला!"

व्हिडिओवाल्याचा हात माऊसवर होता. मी पटकन पुढे झाले.

"त्याइचं ऐकू नका, दादा," मी म्हणाले.