वाळवणाच्या प्लास्टिकवरची रास्ना

बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत होते. त्या नोकरीसाठीच ते जळगाव सोडून देवासला आले होते. शेवटच्या दिवशी गेटवरून परतले ते खांद्यावर प्लास्टिकची एक गुंडाळी टाकून. माल झाकायचं जाड, मऊ प्लास्टिक, भंगारात निघालेलं.

"हेच देतो म्हणाले," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

त्या उन्हाळ्यात आईने ते गच्चीवर पसरलं आणि त्यावर पापड, कुरडया, सांडगे वाळवून विकायला सुरुवात केली. आधी कॉलनीतली मराठी घरं गिऱ्हाईक झाली, मग शेजारपाजारचे मालवी लोकही. "भाभी, वो सफेद जालीवाली चीज बनी क्या?" म्हणून विचारत यायचे. बाबांना पुढे चौकीदारी मिळाली, पण घर चाललं ते कुरडयांवर. माझी बी.एस्सी., एम.एस्सी. सगळी त्या प्लास्टिकवर वाळली. माझ्याआधी आमच्यात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे मी लाजत सांगत नाही.

पीएच.डी.साठी धारला एका सरांकडे जागा मिळाली. विषय रास्ना. जुन्या आंब्याच्या फांदीला धरून वाढणारं हे ऑर्किड, त्याच्या मुळ्या सांधेदुखीच्या काढ्यात घालतात. त्या मुळ्यांतलं एकेक द्रव्य वेगळं काढायचं आणि त्यातला कोणता अणू कुणाला जोडलेला आहे ते ठरवायचं, हे माझं काम. एका तरी द्रव्याची रचना पक्की झाली तरच प्रबंध होणार होता.

वैशाखात वादळाने बाग नावाच्या गावाजवळच्या एका आमराईत फांद्या मोडल्याचं कळलं, तशी मी गेले. पडलेल्या फांद्यांवरच्या मुळ्या सोडवून पोत्यात भरत होते तर राखणदार म्हणाला, "बाई, आम छोड़ के बांदा ले जा रही हो? घर में डाँट पड़ेगी." बांदा म्हणजे बांडगूळ.

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी, लॅबला कुलूप. म्हणून पोतं देवासला नेलं. आईने मुळ्या धुतल्या, निवडल्या आणि गच्चीवर पसरल्या. वाळवणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला तर हायसंच वाटलं.

पुढचे महिने अर्क काढण्यात आणि काचेच्या नळीतून एकेक द्रव्य वेगळं करण्यात गेले. एक तेलकट द्रव्य भरपूर आणि स्वच्छ निघालं. ते तपासायला बाहेरगावी पाठवलं. एनएमआरचा आलेख आला, त्यावरून रेणूतल्या हायड्रोजनच्या जागा कळतात. बेंझिनची कडी दिसली, शेजारी एस्टर दिसलं. रास्नेत असं काही मी वाचलेलं नव्हतं. मी कागदावर रचना काढली आणि घरी फोन करून सांगितलं, "आई, बहुतेक नवीन आहे." तिने साखर वाटली.

मग रेणूच्या तुकड्यांचं वजन मोजणारा दुसरा आलेख आला. त्यात १४९ वर एक उंच सुळका होता. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बेटा, ये रास्ना नहीं, प्लास्टिक है. मुबारक हो, थैली की संरचना निकाल ली तुमने."

प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल मिसळतात, त्याची ही ओळखीची खूण. अर्क काढायला वापरलेला द्रव, म्हणजे सॉल्व्हंट, नुसताच आटवून पाहिला, तो स्वच्छ निघाला. म्हणजे ते मुळ्यांबरोबरच आलं होतं. सरांनी विचारलं, "सुखाया कहाँ था?"

घरी येऊन मी कात्री घेतली आणि गच्चीवर गेले. आई मागोमाग आली.

"अगं, पोटावर कात्री कशाला लावतेस?"

"कोपराच हवाय, तपासायला."

लॅबमध्ये तो तुकडा त्याच सॉल्व्हंटमध्ये बुडवला, माझ्या द्रव्याशेजारी त्याचा थेंब पट्टीवर चढवला. दोन्ही ठिपके एकाच उंचीवर थांबले, म्हणजे द्रव्य एकच. पुढच्या खेपेला घरी गेले तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. तिला मुळ्यांचं वाईट वाटेल अशी माझी समजूत होती.

तिने विचारलं, "मग पापडात पण उतरलं असेल?"

"थोडंफार. उन्हात तापलं की सुटतं."

"थोडं म्हणजे किती?"

ते मी मोजलेलं नव्हतं. आजही मला सांगता येत नाही. आईने प्लास्टिक गोळा केलं आणि ती फाटकाकडे निघाली. बाबा तिच्या मागे गेले. "टाकू नकोस," ते म्हणाले, "न्हाणीचं छप्पर गळतंय, त्यावर घालू." त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या उन्हाळ्यात आईने कुरडया जुन्या सुती लुगड्यांवर घातल्या. त्या चिकटल्या, तुटल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली. "भाभी, इस बार चूरा दे दिया?" ती हसून जास्त घालून द्यायची. मी विषय काढला की म्हणायची, "तू तुझं बघ."

माझंही काही धड नव्हतं. वर्ष वाया गेलं होतं, सोबतचे पुढे गेले होते, आणि प्रबंधात घालायला माझ्याकडे एकही आकृती नव्हती. पुन्हा बागला गेले, पुन्हा पडलेल्या फांद्या शोधल्या. या वेळी आईने एक लुगडं साबण न लावता दोनदा उकळलं आणि मधल्या खोलीत सावलीला पसरलं. मुळ्या तिनेच घातल्या. "आता यात काही निघालं तर ते तुझ्या झाडाचंच," म्हणाली.

या खेपेचं द्रव्य चिमूटभर भरलं. आलेखात १४९ चा सुळका नव्हता. बेंझिनच्या दोन कड्या होत्या आणि त्यांना जोडणारा दोन कार्बनचा पूल. कडीच्या कोणत्या कोपऱ्यावर काय बसलंय, यावर मी कितीतरी आकृत्या काढल्या आणि फाडल्या. शेवटी प्रत्येक रेघेचा हिशेब लागला तेव्हा सर एवढंच म्हणाले, "अब ठीक है."

ते द्रव्य नवीन नव्हतं, दुसऱ्या ऑर्किडांत ते आधी सापडलेलं आहे. पण ते रास्नेच्या मुळीतलं होतं. त्याची रचना मी ठरवली, परीक्षकांनी ती मान्य केली, आणि मला पीएच.डी. मिळाली.