योकोहामातला कौल

"बाबा, नोकरी सोडतेय. तैवानमधल्या ताओ मठात साधनेला जाणार. ती माझी नियती आहे," केतकी योकोहामाहून फोनवर म्हणाली. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने 'नियती' हा शब्द पुराव्याविना स्वीकारणे शक्य नव्हते. एकुलत्या मुलीला परावृत्त करायचे, एवढ्याच हेतूने मी तिकीट काढले.

नारिता विमानतळाहून योकोहामाला थेट रेल्वे आहे. बस किंचित स्वस्त पडते. नोव्हेंबरातला पाऊस बारीक आणि चिवट असतो, छत्री जवळ असावी. चायनाटाऊनमध्ये तीळ लावलेले गोड गोळे गरम मिळतात; शाकाहारी मंडळींनी डुकराच्या चरबीविषयी आधी विचारावे. मला ते बेचव लागले. दोष गोळ्यांचा नसावा.

"पुरावा काय?" मी विचारले.

"आईशी लग्न केलंत, तेव्हा काय होता?"

"पत्रिका जुळली होती."

"तुम्ही पत्रिका मानता?"

"तुझे आजोबा मानत."

ती हसली. त्या प्रवासातले तिचे हे शेवटचे हसणे.

चायनाटाऊनमधल्या ताओ मंदिरात, कोकणात देवाला लावतात तसाच कौल लावतात. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट बाजूवर, दुसरा फुगीर बाजूवर पडला तर होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार.

"तुम्हीच विचारा, बाबा. नकार आला तर मी राहीन."

मी तुकडे उलटसुलट तपासले. उदबत्त्या विकणारी म्हातारी काहीतरी पुटपुटली. केतकीने भाषांतर केले, "आजी विचारतायत, हे कौल लावणार की लाकूड विकत घेणार?"

मी तुकडे टाकले. दोन्ही फुगीर बाजू वर. नकार.

केतकीचा चेहरा उतरला. "ठीक आहे. राहते," ती म्हणाली.

मला हवे होते ते हाती आले होते. पण होकार आला असता, तर मी त्याला निव्वळ योगायोग ठरवून फेटाळले असते. जो पुरावा विरोधात गेल्यास अमान्य, तो बाजूने आला म्हणून मान्य करता येत नाही.

"हा कौल मी ग्राह्य धरत नाही," मी म्हणालो. "तुला जायचं आहे?"

"हो."

"मग जा."

तिने कमरेत वाकून नमस्कार केला. मला की देवाला, ते मी विचारले नाही.

आता मी पुण्यात आहे. मठातून फोन क्वचितच येतो. संध्याकाळी तो युक्तिवाद पुन्हा मांडून पाहतो. त्यात दोष सापडत नाही. रोज शोधतो.