जाळीपलीकडच्या जांभळ्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत एका बारीक जाळीवर आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ठेवतात आणि जाळीखाली, यकृतातून सुटतं तसलं एक रसायन. पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे एक प्रकारचं नाकच. त्या रसायनाचा माग काढत पेशी जाळीतून खाली उतरतात. वर राहिलेल्या आम्ही कापसाने पुसतो, उतरलेल्या जांभळ्या रंगवून मोजतो.

बाबांच्या आतड्यातून यकृतात त्या अशाच गेल्या असणार. आज सूक्ष्मदर्शकाखाली तो जांभळा घोळका दिसला आणि मी जाळी उलटी करून खालची बाजूच खसाखसा पुसून काढली. फार बरं वाटलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अगं, पळालेल्यांनाच पुसलंस. आता त्यांचं नाक कसं बंद करायचं, ते कशावरून कळणार?"

खरंय. सूड घ्यायचा तर शत्रू आधी जगवावा लागतो.

दुपारी नव्या पेशी उबेला ठेवल्या, त्यांना ताजं गुलाबी पोषणद्रव्य घातलं. शेवटच्या आठवड्यात बाबांच्या पोटात चमचाभर पेजही ठरत नव्हती.

प्या, मी त्या पेशींना म्हटलं, पोटभर प्या. मला तुम्ही धडधाकट हव्या आहात.