कोंडूचा दुसरा टोला

कोंडूच्या घराला दार होतं, पण ते लावलेलं मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. थंडीत नाही, पावसात नाही. मांजर आत शिरून सुकटीचं कालवण खाऊन जायची, कुत्री ओटीवर पिल्लं घालायची, पण दार उघडं राहावं म्हणून लावलेला दगड काही हलायचा नाही. त्याची बायको सकुबाई सगळ्यांना सांगत फिरायची, "चोर आला तर आमचा मानूस त्याला आधी पानी इचारील!"

आम्ही हसायचो. कोंडूही हसायचा. एकदा मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला एका लग्नाला गेलो होतो. नवरदेवाच्या मित्रांनी थट्टेनं कोंडूच्या खोलीची कडी बाहेरून लावली. मी म्हटलं, आता हा दार बडवील, शिव्या देईल. कसलं काय! डोक्यावर खडखड झाली, चार कौलं खाली आली आणि त्यांच्यामागून कोंडू धप्पकन मांडवात, थेट ताशेवाल्याच्या अंगावर. वऱ्हाड पोट धरून हसत होतं. मी त्याला उठवायला गेलो तर त्याचा हात बर्फासारखा गार. तेव्हा माझं हसणं तिथंच थांबलं. हे आलं कुठून, ते मला ठाऊक होतं.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. जवळच्या नव्या धरणात पाणी भरलं आणि आमच्या खर्डीच्या बाजूला जमीन हलायला लागली. भाद्रपद होता, भाताला लोंब्या धरत होत्या. दिवसातून कधीही भांडी वाजायची, कौलं सरकायची. आम्ही सगळे घरं सोडून खळ्यात मांडव घालून राहिलो. कोंडू तेव्हा विशीतला पोरगा. दुपारी तो मामाच्या घरात घोंगडी आणायला म्हणून शिरला आणि त्याच वेळी मोठा हादरा बसला. मातीची भिंत दारावर कोसळली. माळ्याचं एक लाकूड तिरकं अडकलं, म्हणून त्याखाली तो जिवंत राहिला. हात हलत नव्हता, तोंडात माती.

आता खरी गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, पण ऐका. मामाकडच्यांना वाटलं, पोरगा आपल्या मांडवात गेला. घरच्यांना वाटलं, मामाकडं आहे. दोन्हीकडची माणसं पेज पिऊन निवांत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी हरवलेली कोंबडी शोधत तिथं गेली, तिला ढिगाऱ्यातून कण्हणं ऐकू आलं, तेव्हा त्याला उकरून काढलं. बाहेर आल्यावर पोरगा रडला नाही. पाणी प्याला आणि एवढंच म्हणाला, "मला कोनी मोजलाच नाय?"

पुढे तो आमच्या वाडीच्या शाळेत लागला. कागदोपत्री तो शिपाई नव्हता. झाडायचं, पाणी भरायचं, घंटा द्यायची, म्हणून सगळे शिपाई म्हणायचे. घंटा म्हणजे रेल्वे रुळाचा हातभर तुकडा, शाळेसमोरच्या आंब्याला तारेनं टांगलेला. मी शिक्षण समितीचा अध्यक्ष, स्वतः सातवी पास, म्हणजे त्या काळातला विद्वानच! शाळेत रोज एक चक्कर मारायचो. गुरुजी होते भगीरथ गुरुजी, वाशिंदहून यायचे.

दोन हजार एकला गुजरातेत भूकंप झाला. मग शाळेला परिपत्रक आलं, मुलांकडून भूकंपाचा सराव करून घ्या. गुरुजींनी मोठ्यानं वाचलं, "हादरे सुरू होताच विद्यार्थ्यांनी बाकाखाली आश्रय घ्यावा." वाचून झाल्यावर त्यांनी वर्गाकडे पाहिलं. पोरं तरटपट्टीवर बसलेली. शाळेत बाकच नव्हता!

मी म्हटलं, "गुरुजी, तरटपट्टीखाली घाला."

"आबा, तुम्ही अध्यक्ष आहात, जरा तरी..." म्हणून गुरुजी कपाळाला हात लावून बसले. शेवटी ठरलं, डोक्यावर दप्तर धरायचं आणि मैदानात पळायचं. कोंडूनं रुळावर दणादण ठोके दिले. एक्केचाळीस पोरं उठली, धावली आणि दारातच तुंबली. का? तर चपला! दाराबाहेर सगळ्यांच्या चपलांचा ढीग, आणि प्रत्येक जण आपली शोधतोय. "ही माजी!" "सोड, ती ताईची हाय!" चपला हरवल्या तर घरी पाठीत धपाटा. मागचे पुढच्यांना ढकलतायत, मधे बारकी पोरं चेंगरून रडतायत.

मला हसू आवरेना. आणि कोंडू? घामानं निथळत त्या दाराकडे बघत उभा. मग धावला आणि चपलांचा ढीग दोन्ही हातांनी मैदानात भिरकावायला लागला. "चपला सोडा रे! पाय वाचवा आधी, पाय!"

दुसऱ्या दिवशी शाळेत जातो तर मैदानाच्या कडेला चुन्याची लांब रेघ. कोंडू पोरांना सांगत होता, "आजपासून चपला दाराशी नाय. रेघंवर. जेची तेची जागा ठरलेली. ज्याला चपला नाय त्यानं आपला एक दगड ठेवायचा. घंटा झाली की आपल्या चपलेत नायतर दगडावर येऊन उभं ऱ्हायचं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग मी बगनार. मोकळी चपल दिसली का पोर आत हाय."

कोंडूला वीसपर्यंतच आकडे यायचे, पुढं पुन्हा एकपासून. पण ह्या मोजणीला आकडा लागतोय कशाला? गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणखी एक नियम त्यानं घातला. पहिली घंटा पळायची. मग सगळं ठीक आहे असं बघून तो एक टोला देणार, तो दुसरा टोला. तो ऐकल्याशिवाय रेघ सोडायची नाही. बाप बोलवायला आला तरी नाही.

वाडीनं थट्टा केली, पण शिकलीही. सकुबाईनं घराच्या दाराशी झाकणाचा डबा ठेवला, त्यात रेशनकार्ड, काडेपेटी, पोरांचे दाखले. तिचं बघून घरोघर तसे डबे झाले. माझ्या घरच्या डब्यात आमच्या हिनं आधी तंबाखूची पुडी ठेवली, मग माझे कागद. म्हणाली, "तंबाखू नसंल तर तुमी जगून करनार काय?"

सराव दर महिन्याला व्हायचा. लहानी नावाची कातकरवाडीची एक पोरगी होती, पहिलीत आली तेव्हाच हजरजबाबी. तिला चपला नव्हत्या. तिनं नदीतला पांढरा गोटा आणून ठेवला होता. एकदा तिनं विचारलं, "कोंडूकाका, तुजा दगड कुटं?" कारण कोंडूही अनवाणीच.

"मी घंटा देनारा गो. मला दगड कशाला?"

मी तिथंच उभा होतो. मलाही ते बरोबर वाटलं.

दोन हजार पाचचा पावसाळा. त्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटलं होतं. शाळेच्या मागं टेकाड, आणि टेकाडाच्या अंगाला खिचडी शिजवायची पत्र्याची खोली. सकुबाई तिथं रांधायची. दुपारी कोंडूला टेकाडाची माती वरून सरकताना दिसली. त्यानं रूळ बडवला. पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन धावली आणि भर पावसात रेघेवर उभी राहिली. एक चप्पल मोकळी नाही, एक दगड मोकळा नाही. अशी शिस्त की बघत राहावं.

कोंडूनं रेघ बघितली आणि त्याच्या मनात आलं, सकू? ती कुठाय? तो मागं धावला. सकुबाई तर घंटा होताच पुढच्या बाजूनं येऊन पोरांमागं उभी होती. कोंडू खोलीत शिरला, हाक मारली आणि टेकाडाचा दुसरा लोट आला. खोलीच्याही दाराला तो दगड लावून ठेवायचा, ते दार चिखलानं दगडासकट ढकलून लावलं आणि त्यावर छातीएवढी माती बसली.

आत काळोख. दाराच्या फटीतून चिखल आत यायला लागला, आधी घोट्याला, मग गुडघ्याला. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की त्याला स्वतःची हाक ऐकू येईना. पत्रा उचकटायला गेला, तर तिथं वरून झाड टेकलेलं. तो तांदळाच्या गोणीवर चढून बसला. पुढं मला त्यानं सांगितलं, "आबा, तोंडात मातीची चव आली. माती नव्हती तोंडात, पन चव तीच, बावीस वर्साची. म्हनलं, झालं. परत मोजायचा राह्यलो."

आणि तसंच झालं होतं. मी छत्री घेऊन पोचलो. छत्री म्हणजे नुसत्या काड्या, ते सोडा. गुरुजी म्हणाले, "सगळी पोरं सुखरूप, आबा." मी म्हटलं, "मग भिजवता कशाला? सोडा घरी!" सकुबाई म्हणाली, "आमचा मानूस गावात सांगाय गेला वाटतं." गुरुजींनी मान डोलावली. मीही डोलावली. तीन शहाणी माणसं!

"चला रे, घरी चला," मी ओरडलो.

एकही पोर हललं नाही.

"ऐकू येत नाय का? चला!"

लहानी आपल्या गोट्यावर कुडकुडत उभी होती. म्हणाली, "दुसरा टोला नाय झाला."

"अगं, अध्यक्ष सांगतोय!"

"अध्यक्ष आसंल. टोला नाय झाला."

गुरुजी कंटाळले. "थांबा आबा, मीच देतो टोला."

"कोंडूकाका देतो टोला," लहानी म्हणाली. "कोंडूकाका कुटाय?"

मी गुरुजींना म्हटलं, "खरंच, कुठाय तो?"

"म्हणजे? तो तुम्हालाच बोलवायला आला ना?"

"माझ्याकडं? मी तर घंटा ऐकून आलो."

सकुबाईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती मागच्या अंगाला धावली आणि तिची किंकाळी आली, "दार लागलंय! आबा, दार लागलंय!" कोंडूनं लावलेलं दार बावीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. तो बायकोला शोधायलाच तिकडं गेला असणार; आत कोण आहे, हे वेगळं सांगायला नको होतं.

फावडी आली, घमेली आली. ज्यांना काही मिळालं नाही त्यांनी ताटांनी चिखल उपसला. पत्र्यावर टेकलेलं झाड चौघांनी बाजूला सारलं आणि मी पहारीनं पत्रा उचकटला. तासाभरानं एवढीशी फट झाली, तेव्हा आत बघतो तर कोंडू गोणीवर उकिडवा, कमरेपर्यंत चिखल आणि दोन्ही हातांत, तुम्हाला खोटं वाटेल, एका हातात खिचडीचा मोठा टोप आणि दुसऱ्या हातात लोखंडी पळी!

मला आनंदानं रडू येत होतं, पण तोंडातून निघाला राग. "अरे गाढवा, हातात एवढं भांडं, आणि वाजवलं नाहीस? पहिल्या ठोक्याला सापडला असतास!"

त्यानं वर बघितलं. "आन पोरांना वाटलं असतं, दुसरा टोला झाला. निघाली असती घरी. वाटंवर ओढा फुगलेला."

"मग सलग बडवायचं!"

"पहिला ठोका पडला का पोरं सुटनार, आबा. पुढलं ठोकं ऐकाय कोन थांबतं? तुमी थांबला व्हता का शाळंत असताना?"

मी पहार घालून फट आणखी रुंद केली.

"आन सगळं ठीक हाय म्हनून टोला द्यायचा ना?" तो म्हणाला. "मी तर आत. ठीक कुटं व्हतं?"

त्याला वर ओढलं. नंतर त्यानं सांगितलं की मधे पाऊस जरा उणावला तेव्हा त्याला पोरांचा कलकलाट ऐकू आला. तो लांब जात नव्हता. एकाच जागी होता. "म्हनलं, अजून हायत. म्हंजे अजून कोनीतरी मला धरून मोजतंय." त्या आवाजावर तो पळी घट्ट धरून बसून राहिला.

सकुबाईनं त्याला आधी छातीशी धरलं, मग पाठीत दोन गुद्दे घातले. गुरुजींनी पोरांना ओढ्याकडून नाही, वरच्या वाटेनं समाजमंदिरात न्यायचं ठरवलं. पण पोरं अजून रेघेवरच. कोंडू लटपटत आंब्याकडे निघाला, टोला द्यायला.

"थांब," लहानी म्हणाली. तिनं गोटा न सोडता, वाकून, हात लांब करून जवळच पडलेला एक चिखलानं माखलेला दगड ओढला आणि रेघेवर आपल्या बाजूला ठेवला. "आधी ह्याच्यावर उबा ऱ्हा."

कोंडू त्या दगडाकडे बघत राहिला. मग अनवाणी पाय उचलून त्यावर उभा राहिला. लहानीनं रेघेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मान हलवली.

"आता दे."

त्यानं जाऊन टोला दिला. एकच. पोरं आरडाओरडा करत सुटली, आणि मी, समितीचा अध्यक्ष, त्यांच्यामागून निघालो. निघताना रेघेच्या टोकाला माझ्यासाठीही एक दगड ठेवून आलो.